कॅमेरा आपल्या मनानं फिरतो? सेटिंग नंतर, आधी अंगठा उचला

सध्या दुकानात येणाऱ्या पोट्ट्यांना परीक्षेची तारीख विचारली तर मोबाइल काढून बघतात, पण १९ नोव्हेंबर २०२६ त्यांना तोंडपाठ आहे. जीटीए ६ या गेमची ही जाहीर झालेली तारीख. आधी २०२५ म्हटलं होतं, मग २६ मे २०२६ ठरलं, मग नोव्हेंबर. पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला, दुसरा मे २०२५ मध्ये, आणि आमच्याकडच्या पोरांनी ते इतक्यांदा पाहिलेत की कोणत्या फ्रेममागं कोणता पूल दिसतो यावर भांडणं होतात. त्याशिवाय वुल्व्हरीन येतोय, फँटम ब्लेड झीरो येतोय, ओनिमुशाचा नवा भाग येतोय. सगळे मारधाडीचे गेम, आणि सगळ्यांत हाणामारी डाव्या हातानं पळत, उजव्या अंगठ्यानं कॅमेरा, म्हणजे गेममध्ये आपण जिकडं बघतो ती नजर, फिरवत करायची.

आणि इथंच गाडी अडते. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, पडद्यामागं दोन टीव्ही लावून गेम खेळायची सोय आहे. काउंटरवर सगळ्यात जास्त येणारी तक्रार स्क्रीन फुटल्याची. तिच्या खालोखाल ही:

"दादा, माह्या गेममधला कॅमेरा आपल्या मनानंच फिरून राहिला."

"सेन्सिटिव्हिटी कमी केली असशील?"

"केली न. आता हळूहळू फिरते."

एवढ्या संवादात अख्खा रोग आला. सेन्सिटिव्हिटी म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या हालचालीला गेम किती पट करून घेतो ते. कंट्रोलरवरची अंगठ्यानं फिरवायची स्टिक मुळातच खोटं बोलत असेल, अंगठा नसताना "मी जराशी उजवीकडे आहे" असं सांगत असेल, तर पट कमी केल्यानं खोटं थांबत नाही, फक्त हळू होतं. वर तुमचा खरा निशाणाही मंद होऊन बसतो. मग पोरगं आठवड्यानं परत येतं, यूट्यूबवरच्या कोणाची तरी 'बेस्ट सेटिंग' जशीच्या तशी टाकून. ती सेटिंग त्या माणसाच्या कंट्रोलरला, त्याच्या टीव्हीला आणि त्याच्या फ्रेम रेटला बसलेली असते. तुमच्याकडे तिचा उपयोग नाही.

म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी अंगठा उचला. गेममध्ये मोकळ्या जागी उभे राहा, म्हणजे भिंत, शत्रू, गाडी काही जवळ नको, आणि कंट्रोलर टेबलावर ठेवून द्या. हातात धरून नुसता अंगठा काढणं चालत नाही, तळहाताचा दाब स्टिकला लागतो. आता निवांत बघा. कॅमेरा एकाच दिशेनं संथ सरकतोय का? थरथरतोय का? मधेच एकदम गिरकी घेऊन थांबतोय का? की अगदी स्थिर आहे, आणि त्रास फक्त खेळताना होतोय? या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि चारींचा इलाज वेगळा आहे. सगळ्यांवर एकच औषध मारत राहिल्यामुळेच हा त्रास दर दोन महिन्यांनी परत येतो.

एकाच दिशेनं सरकणारा कॅमेरा

हा स्टिक ड्रिफ्ट. बहुतेक कंट्रोलरमध्ये प्रत्येक स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो त्याच जातीचा भाग. आत कार्बनच्या पट्टीवर एक बारीक धातूची पट्टी घासत फिरते आणि कुठं आहे त्यावरून व्होल्टेज बदलतं. घासून घासून कार्बन झिजतो, त्याचीच भुकटी आत पडते, शिवाय स्टिक मधे आणणारी स्प्रिंग सैल होते. मग स्टिक मधे आली तरी व्होल्टेज मधलं येत नाही. गेमला वाटतं तुम्ही ढकलताय.

किती बिघाड आहे ते मोजता येतं. कॉम्प्युटर असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाका. कंट्रोलरची यादी येते, प्रॉपर्टीज उघडल्या की चौकोनात एक अधिकचं चिन्ह दिसतं. ते नेमकं मधे उभं पाहिजे. तिथल्या कॅलिब्रेशनच्या नादी लागू नका, बरेच नवे गेम ते वाचतच नाहीत. आकडा पाहिजे असेल तर ब्राउझरमध्ये गेमपॅड टेस्टर शोधा. अशा पानांवर स्टिकची जागा उणे एक ते अधिक एक अशी दिसते. हात न लावता आकडा ०.०५ च्या आत खेळत असेल तर काही बिघडलेलं नाही, गप खेळा. ०.१ च्या आसपास असेल तर डेडझोननं भागतं. ०.२ च्या वर गेला की मी स्टिकच बदलायला सांगतो.

डेडझोन म्हणजे मधल्या भागात एवढं हललं तरी दुर्लक्ष कर, असं गेमला सांगणं. आकडा ०.०८ येत असेल तर डेडझोन दहा टक्के ठेवा, झालं. पोरं एकदम तीसवर नेतात, कॅमेरा थांबतो, खूश होतात. मग दोन दिवसांनी म्हणतात की लांबच्या माणसावर बारीक निशाणा धरताच येत नाही. येणारच नाही, बारीक हालचाल तुम्हीच मारून टाकलीत. पीसीवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून खेळत असाल तर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये डाव्या आणि उजव्या स्टिकचा डेडझोन वेगवेगळा ठेवता येतो. कन्सोलवर बहुतेक वेळा गेमच्या आतच शोधावा लागतो. नवा गेम घेताना मी तरी ही सोय आहे का ते आधी बघतो, ग्राफिक्स मागाहून.

थरथर आणि अचानक गिरकी

स्टिकचा आकडा एका जागी न थांबता उड्या मारत असेल तर झिजेपेक्षा घाण जास्त. इथं आपल्या भागाचं वेगळंच प्रकरण आहे. शहरातल्या दुरुस्तीवाल्याला कंट्रोलर उघडल्यावर चिप्सचा चुरा सापडतो. माझ्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर जे कंट्रोलर येतात त्यांच्या स्टिकच्या देठाला कापसाची रुई गुंडाळलेली असते, चरखीवर सूत गुंडाळावं तशी. घरात कापूस साठवलाय, त्याच खोलीत टीव्ही, त्याच ढिगावर बसून खेळायचं, अजून काय होणार? सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची मळणी. थ्रेशरचा भुसा इतका बारीक असतो की बंद कपाटातल्या कपड्यांवर बसतो, तर कंट्रोलरच्या फटीत जाणार नाही का?

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना. ज्यांना लागू होतं त्यांनी मनाला लावून घ्या. पन्नीत खर्रा घोटायचा, बोटं पँटला पुसायची आणि तोच हात कंट्रोलरला. स्टिकच्या भोवतालच्या कड्यात चुन्याची पांढरी रेघ वाळून बसलेली मी चिमट्यानं खरवडून काढलेली आहे. सुपारीचा भुगा आत पडला की स्टिक एका बाजूला जाताना कचकच लागते. तुमच्या दातांचं तुम्ही बघा, कंट्रोलरला तरी हात धुवून हात लावा.

साफ करायची रीत साधी आहे. कंट्रोलर बंद करा, वायर काढा. स्टिक एका बाजूला पूर्ण वाकवून फटीत तोंडानं न फुंकता फुग्याच्या पंपानं किंवा ब्लोअरनं हवा मारा. फुंकरीत थुंकी असते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोनचार थेंब देठाच्या बुडाशी सोडा, स्टिक गोल गोल फिरवा, दहापंधरा मिनिटं वाळू द्या. हे अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ९९ टक्क्यांचं आणा. मेडिकलमधलं सहसा ७० टक्क्यांचं असतं, उरलेलं पाणी, आणि ते पाणी आत राहून गंज धरतं. पेट्रोल, थिनर, रॉकेल अजिबात नाही. प्लॅस्टिक मऊ पडतं. नटबोल्टचा गंज सोडवायचा स्प्रेही नको. त्यात तेल असतं. दोन दिवस स्टिक लोण्यासारखी फिरते आणि मग त्या तेलावर भुसा चिकटून आधीपेक्षा वाईट हालत होते. 'कॉन्टॅक्ट क्लीनर' म्हणून वेगळा स्प्रे मिळतो, तो चालतो.

साफ करून महिनाभरात परत तेच सुरू झालं तर झीजच आहे, पुन्हा पुन्हा अल्कोहोल पाजण्यात अर्थ नाही. स्टिकचा अख्खा भाग बदलावा लागतो. डझनाहून जास्त पाय सोल्डरमधून सोडवायचे असतात, घरच्या साध्या सोल्डरिंग गननं करायला जाऊ नका, बोर्डावरची पट्टी उखडते. बदलायचाच असेल तर हॉल सेन्सर किंवा टीएमआर सेन्सरवाला भाग घाला. त्यात चुंबक आणि सेन्सर असतो, एकमेकांना न घासता काम करतात, त्यामुळे कार्बन झिजायचा प्रश्नच राहत नाही. मात्र भाग बदलल्यावर कंट्रोलरला नवा मध्यबिंदू शिकवावा लागतो. बदलणाऱ्यानं ते केलं नाही तर नवा कोरा भागही ड्रिफ्ट झाल्यासारखाच वागतो, आणि ग्राहक म्हणतो की माल डुप्लिकेट दिला.

एकदम गिरकी घेऊन कॅमेरा थांबत असेल तर स्टिकवर शंका घ्यायच्या आधी कंट्रोलर वायरनं जोडून बघा. ब्लूटूथचा सिग्नल मधे तुटला की गेम शेवटचा मिळालेला हुकूमच धरून बसतो. तुम्ही स्टिक सोडली तरी ती सोडल्याची खबर पोचलेलीच नसते. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या डब्याआड ब्लूटूथचा डोंगल खोचलेला असेल तर हे हमखास. डोंगल पुढच्या बाजूला आणा, वायफायच्या राउटरपासून लांब ठेवा. एक गोष्ट लक्षात असू द्या, वायर डेटाची पाहिजे. कितीतरी जण स्वस्तातली नुसती चार्जिंगची वायर लावतात, कंट्रोलर तरीही ब्लूटूथवरच चाललेला असतो, आणि "वायर लावूनही तेच होते" म्हणून मला सांगतात. पीएस५ च्या कंट्रोलरला मागं बारीक छिद्र आहे, कन्सोल बंद करून त्यात पिन घालून पाचेक सेकंद दाबलं की जोडणी पहिल्यापासून करता येते. त्यानं जोडणीची कटकट मिटते. झिजलेला कार्बन त्यानं भरून येत नाही.

हात लावल्यावर उशिरा ऐकणारा कॅमेरा

टेबलावर ठेवल्यावर सगळं ठीक, पण खेळताना कॅमेरा घसरतो, पाहिजे तिथं थांबत नाही, पुढं निघून जातो? मग कंट्रोलर निर्दोष आहे. बहुतेक वेळा टीव्ही गुन्हेगार असतो.

टीव्ही आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवत नाही. रंग गडद करतो, कडा धारदार करतो, मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करतो. मालिका बघताना छान वाटतं. पण या सगळ्याला वेळ लागतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलीसेकंद. टीव्हीनं सहा फ्रेम उशीर केला की दहावा भाग सेकंद गेला. तुम्ही शत्रू मधे आला म्हणून अंगठा सोडता, पण जे पाहताय ते शिळं चित्र आहे. खरा कॅमेरा कधीच पुढं गेलाय. मग तुम्ही उलट ढकलता, तो उलट जास्त जातो. बांधावरून झोकांड्या खात चाललेल्या माणसासारखा निशाणा डावीउजवीकडं डोलत राहतो आणि पोरगं म्हणतं, सेन्सिटिव्हिटी जास्त झाली.

टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा आणि लावा. स्वस्त टीव्हीत ते नसेल तर एचडीएमआयच्या त्या इनपुटला 'पीसी' नाव देऊन पाहा, काही टीव्हींमध्ये त्यानं बरीचशी रंगरंगोटी बंद होते. मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन जे दिसेल ते बंद करा. नंतर सेन्सिटिव्हिटी मूळ आकड्यावर आणा आणि मगच ठरवा की कमी पाहिजे की जास्त. पडद्यामागच्या एका टीव्हीवर मी गेम मोड लावून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तो बंद झालेला असतो, कारण कोणाला तरी रंग फिके वाटतात. रंगाचं वेड आपल्याकडे फार.

दुसरं कारण उष्णता. पीएस५ च्या माहितीपुस्तिकेत खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश असावं असं लिहिलंय. आयफोनसाठीही वरची मर्यादा ३५ अंशच. आता सांगा, मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या पत्र्याखालच्या खोलीत किती असेल? यंत्र तापलं की स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. फ्रेम साठवरून तीसवर येतात, तीसही धड राहत नाहीत, आणि कॅमेरा फिरवताना चित्र अडखळत सरकतं. नवतपात दुपारी येऊन जो म्हणतो की अपडेटनंतर गेम बिघडला, त्याला मी सकाळी सातला तोच गेम लावून बघायला सांगतो. सकाळी नीट चालत असेल तर अपडेटचा काही दोष नाही. कन्सोल टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढा, चारी बाजूंनी वितभर जागा सोडा, जाळीवरचा धुराळा झटका. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. ताट्यांमधून ओली हवा येते, आत बसलेली धूळ ओली होऊन चिकटते आणि मग ब्लोअरनंही निघत नाही.

मोबाइलवाल्यांचं दुखणं निराळं

गावात कन्सोल किती घरांत आहे? खरी गर्दी बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेमवाल्यांची. त्यांना स्टिकच नाही, म्हणून ड्रिफ्टही नाही, पण "कॅमेरा उडी मारते" ही तक्रार तिथंही आहेच.

पहिला प्रश्न मी विचारतो तो असा, चार्जिंगला लावून खेळत होतास का? उत्तर शंभरातल्या नव्वद वेळा हो असतं. टच स्क्रीन बोटामुळं होणारा विजेचा अगदी बारीक बदल मोजते. हलक्या प्रतीच्या चार्जरमधून विजेसोबत कचराही येतो, आणि तो कचरा त्या बारीक बदलापेक्षा मोठा झाला की स्क्रीनला नसलेली बोटं दिसायला लागतात. कॅमेरा झटक्यात आकाशाकडे जातो. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर हे आणखी वाढतं, म्हणून लाइट गेल्यावर त्रास होतो आणि लाइट आली की मोबाइल शहाण्यासारखा वागतो. चार्जर काढून खेळा. थांबलं तर निदान झालं. फोनसोबत आलेला किंवा त्याच कंपनीचा चार्जर घ्या, किंवा खेळ संपल्यावर चार्जिंग करा. पॉवर बँकवर हा कचरा सहसा येत नाही.

चार्जर काढूनही होत असेल तर स्क्रीनगार्ड बघा. कडेनं सुटून आत धूळ गेलेला, किंवा एकावर एक दोन लावलेले, असले प्रकार आमच्याकडे रोज. आणि उन्हाळ्यात घाम. अंगठ्याला घालायच्या टोप्या मिळतात, त्या खरोखर कामाच्या आहेत. एवढीच एक गेमिंगची फॅशन मी मनापासून विकतो.

जायरोवाल्यांसाठी वेगळं. मोबाइल हलवून निशाणा धरणाऱ्यांचा कॅमेरा कधीकधी हळूहळू एका बाजूला वाहत जातो. मोबाइल सपाट टेबलावर ठेवा. तरीही चित्र सरकत असेल तर जायरोस्कोपचा शून्य हललाय. हा सेन्सर तापमानाप्रमाणे थोडा बदलतोच, मोबाइल तापला की जास्त. थंड होऊ द्या, बंद करून चालू करा. बीजीएमआयमध्ये जायरो 'ऑलवेज ऑन' ऐवजी 'स्कोप ऑन' (दुर्बिणीतून निशाणा धरतानाच) ठेवला तर निदान पळताना तरी त्रास नाही. सेन्सिटिव्हिटीच्या पानावर मात्र नीट वाचा. 'कॅमेरा' खालचे आकडे गोळी न झाडता बघण्यासाठी आहेत, 'एडीएस' खालचे गोळी झाडताना. पोरं रिकॉइल, म्हणजे गोळी झाडल्यावरचा बंदुकीचा झटका, आवरायला कॅमेऱ्याचे आकडे बदलत बसतात आणि म्हणतात काही फरकच पडत नाही.

बिघाड नाही, गेमच तसा आहे

काही तक्रारींवर स्क्रूड्रायव्हर उचलायची गरज नसते. अरुंद खोलीत कॅमेरा एकदम पात्राच्या मानेवर येतो, कारण गेम पात्रापासून कॅमेऱ्यापर्यंत सतत एक रेघ ओढून बघत असतो. रेघ भिंतीला अडली की कॅमेरा भिंतीच्या अलीकडे आणावाच लागतो, नाहीतर तुम्हाला भिंतीची आतली बाजू दिसेल. अशा खोलीत मोठ्या शत्रूशी लढायचंच नाही, त्याला दारातून बाहेर अंगणात ओढायचं.

लढताना लॉक, म्हणजे शत्रूवर बांधलेली कॅमेऱ्याची नजर, आपोआप सुटतो, ही दुसरी तक्रार. एल्डन रिंगसारख्या गेममध्ये उजवी स्टिक खाली दाबली की लॉक लागतो आणि तशीच दाबली की सुटतो. जीव घाबरा झाला की अंगठा स्टिकवर रुतवून धरला जातो, आणि लॉक गेला. जीटीए ५ मध्ये त्याच दाबण्यानं मागचं दिसतं. म्हणजे पोलीस मागं लागल्यावर "कॅमेरा उलटा होतो" त्याचं मूळ अंगठ्याच्या जोरात आहे. गेम सोय देत असेल तर हे काम दुसऱ्या बटणावर टाका. स्टिकही वाचते, कारण दाबून दाबूनही ती झिजते. एल्डन रिंगमध्ये एक शत्रू पडल्यावर पुढच्यावर आपोआप लॉक जातो तेही बंद करता येतं. ज्यांना कॅमेरा भलत्याच माणसाकडं वळल्याचा राग येतो त्यांनी आधी तेच करावं.

कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात देणं हीच तशी नवी गोष्ट आहे. १९९६ मध्ये सुपर मारिओ ६४ आला तेव्हा कॅमेऱ्यासाठी चार पिवळी बटणं होती आणि ढगावर बसून कॅमेरा धरणारं एक पात्रच गेममध्ये घातलं होतं. शत्रूवर नजर बांधून ठेवायची रीत १९९८ च्या ऑकरिना ऑफ टाइमनं रूढ केली. २००५ चा गॉड ऑफ वॉर घ्या, त्यात उजवी स्टिक उडी मारून चुकवायला होती, कॅमेरा गेमच सांभाळायचा. २०१८ मध्ये तोच नायक आला तेव्हा कॅमेरा त्याच्या खांद्यामागं आणून आपल्या अंगठ्यात दिला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा २०२० चा गेमही कॅमेरा स्वतःकडेच ठेवतो. म्हणून उजवी स्टिक गेलेला कंट्रोलर घरात पडून असेल आणि दुरुस्तीला पैसे नसतील तर तोवर राजी खेळा. तक्रार करायला जागाच नाही.

गरगरणं

मोठी माणसं पोराशेजारी बसून बघतात आणि दहा मिनिटांत मळमळायला लागतं. खेळणाऱ्यालाही होतं, पण सांगायची लाज वाटते. डोळे म्हणतात आपण पळतोय, आतला कान म्हणतो आपण गादीवर बसलोय, या भांडणातून ते होतं. मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट होणं) बंद करा, कॅमेरा शेक (कॅमेऱ्याची थरथर) शून्यावर आणा, फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी किती रुंद दिसतं ते) थोडा वाढवा. खोलीत दिवा लावा, टीव्हीपासून मागं सरका. ग्राफिक्स कमी करून फ्रेम वाढवता येत असतील तर तसं करा. पात्राच्या डोळ्यांतून बघणाऱ्या कॅमेऱ्यात जास्त होतं, त्याच्या पाठीमागच्यात कमी; फेब्रुवारी २०२६ मध्ये आलेल्या रेसिडेंट ईव्हिल रेक्विएममध्ये दोन्हींतला पाहिजे तो निवडता येतो, हे मला फार आवडलं. पुढच्या सगळ्यांनी ही नक्कल करावी.

घरात दोघं भावंडं एकाच पीएस५ वर खेळतात आणि स्टिक वर ढकलली की एकाला कॅमेरा वर पाहिजे, दुसऱ्याला खाली, तर रोज भांडण लावू नका. प्रत्येकाचं वेगळं खातं करा आणि कन्सोलच्या सेटिंगमधल्या गेम प्रीसेट्समध्ये कॅमेऱ्याची दिशा एकदाच ठरवून ठेवा. ते प्रीसेट मानणारे गेम उघडतानाच ती दिशा घेतात.

नोव्हेंबरची तयारी

जीटीए ६ आधी फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर जाहीर झालाय, पीसीचं नाव त्यात नाही. त्यामुळं "माह्या लॅपटॉपवर चालन का" हा प्रश्न सध्या काउंटरवर आणू नका. ट्रेलरमधला कॅमेरा बघून सेन्सिटिव्हिटीचे अंदाज बांधणारे व्हिडिओही बघू नका. दुसऱ्या ट्रेलरमध्ये निम्मा भाग खेळातला आणि निम्मा कथेच्या दृश्यांचा आहे असं बनवणाऱ्यांनीच सांगितलंय, आणि दृश्यांमधला कॅमेरा तुमच्या अंगठ्यानं हलणार नाही.

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे गेम येईल तेव्हा सोयाबीन निघालेलं, कापसाची वेचणी चालू, आणि रुई-भुसा हवेत. कंट्रोलर खराब व्हायचा मोसम आणि गेम यायची तारीख नेमकी एकावर एक पडली आहे. मळणी सुरू झाली की कंट्रोलर खेळून झाल्यावर झाकणाच्या डब्यात ठेवा, बिस्किटाचा डबा चालतो. तान्ह्या पोळ्याला पोरांना मिळणाऱ्या बोजाऱ्याच्या पैशांतून नवा कंट्रोलर घ्यायचा विचार असेल तर हॉल सेन्सरवाला बघून घ्या, खोक्यावर लिहिलेलं असतं.

नवा गेम पहिल्यांदा उघडला की कथा सुरू करायच्या आधी पाच मिनिटं मोकळ्या जागी उभं राहून कंट्रोलर टेबलावर ठेवा. मग डेडझोन, मग टीव्हीचा गेम मोड, आणि सगळ्यात शेवटी सेन्सिटिव्हिटी, तीही एका वेळी एकच आकडा बदलून. दुरुस्तीला आणणार असाल तर कंट्रोलरसोबत तुमची वायर आणि मोबाइल असेल तर तुमचा चार्जर आणा, त्याशिवाय मला काही सांगता येत नाही. दिवाळीच्या आठवड्यात आणू नका. तेव्हा काउंटरवर फुटलेल्या स्क्रीनचा ढीग असतो आणि मी फोन उचलत नाही.